सूत, माग आणि मजुरी : पारंपरिक हातमाग विणकरांच्या आर्थिक अडचणींचा एक अभ्यास

शेतीच्या खालोखाल सर्वाधिक हातांना काम देणारा व्यवसाय, असा हातमागाचा उल्लेख आपल्याकडे वर्षानुवर्षे होत आला आहे. तथापि या व्यवसायावर जगणाऱ्या माणसांची संख्या सातत्याने घटत आहे, ही वस्तुस्थिती आहे. १९९५-९६ च्या राष्ट्रीय हातमाग गणनेत देशातील विणकर व पूरक काम करणाऱ्यांची संख्या सुमारे ६५ लाख होती. २००९-१० मध्ये ती ४३ लाखांवर आली आणि २०१९-२० च्या चौथ्या गणनेत ३५ लाख २२ हजारांपर्यंत खाली आली. याच चौथ्या गणनेत सुमारे दोन तृतीयांश विणकर कुटुंबांचे मासिक उत्पन्न ५,००० रुपयांपेक्षा कमी असल्याचे आढळले. महाराष्ट्रात तर एकेकाळी मोठमोठ्या वसाहती व्यापणारा हा वर्ग आता काही हजारांत मोजावा लागतो.

महाड आणि पोलादपूर हा काही हातमागाचा मुलूख म्हणून ओळखला जात नाही. तुडीलसारख्या गावाच्या ग्रामपंचायतीत विणकरांचा प्रश्न चर्चेला येण्याचे कारण सहसा पडत नाही. असे असूनही या भागातील शिक्षक, ग्रामसेवक आणि पंचायत सदस्य यांनी हा विषय समजून घेण्यास दोन कारणे आहेत. पहिले कारण असे की, ज्या गिरण्यांच्या कापडाने हातमागाचा बाजार व्यापला, त्या मुंबईच्या गिरण्यांत मागावर उभे राहणाऱ्यांमध्ये कोकणातील माणसे मोठ्या संख्येने होती. तेव्हाच्या कुलाबा, म्हणजे १९८१ पासूनच्या रायगड जिल्ह्यातील कित्येक घरांची चूल गिरणीच्या पगारावर पेटत असे. दुसरे कारण अधिक व्यावहारिक आहे. विणकराची अडचण ज्या हिशेबात दडलेली आहे, तोच हिशेब टोपल्या व सुपे विणणाऱ्या बुरुडाला, मडकी घडविणाऱ्या कुंभाराला आणि घरबसल्या नगावर काम करणाऱ्या प्रत्येक कुटुंबाला लागू पडतो. तो हिशेब कसा मांडावा, हे सांगणे हा या लेखाचा हेतू आहे.

आश्रय गेला, बाजार बदलला

महाराष्ट्रातील हातमागाची कहाणी समजून घेण्यासाठी नागपूर व भंडारा या जिल्ह्यांचे उदाहरण सर्वांत उपयुक्त ठरते. नागपूर, उमरेड, पवनी या ठिकाणचे कोष्टी विणकर बारीक सुताची व रेशीमकाठी धोतरे, उपरणी, पागोटी आणि लुगडी विणण्यात निष्णात होते. नागपूरकर भोसल्यांचा दरबार आणि त्याभोवतीचा सरदारवर्ग हे त्यांचे मोठे ग्राहक होते. जाडेभरडे टिकाऊ कापड विणण्याचे काम प्रामुख्याने महार समाजातील विणकरांकडे होते आणि ते कापड शेतकऱ्यांच्या अंगावर जात असे. अशा रीतीने एकाच प्रदेशात हातमागाचे दोन निरनिराळे बाजार नांदत होते.

१८५४ मध्ये भोसल्यांचे राज्य खालसा झाले आणि बारीक विणीचा आश्रय आटला. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोहोचली. कापूस बाहेर नेणाऱ्या त्याच आगगाडीने विलायती कापड आत आणले. १ जानेवारी १८७७ रोजी जमशेटजी टाटा यांची एम्प्रेस मिल नागपुरात सुरू झाली. यानंतर जाडेभरडे कापड विणणाऱ्यांचा धंदा प्रथम बसला, कारण गिरणीशी सर्वांत सरळ स्पर्धा त्याच कापडाची होती. बारीक आणि काठपदराचे काम करणारे विणकर अधिक काळ तग धरून राहिले. स्त्रियांच्या लुगड्याची लांबी, काठ आणि पदर यांत गावागणिक फरक असे आणि असे थोडे थोडे, वेगवेगळे कापड काढणे गिरणीला परवडत नसे. याचा अर्थ असा की, हातमाग सर्वत्र एकाच वेळी व एकाच कारणाने मोडला नाही. ज्या कापडात विणकराच्या कसबाला किंमत होती, तेथे तो टिकला. जेथे कापड केवळ स्वस्त हवे होते, तेथे तो हरला.

सोलापुरात याहून निराळा प्रकार घडला. तेथे तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांनी हातमागाचे मोठे केंद्र उभारले. मालेगाव व भिवंडी येथे उत्तरेकडून आलेले मोमीन विणकर स्थायिक झाले. इचलकरंजीत १९०४ मध्ये विठ्ठलराव दातार यांनी पहिला यंत्रमाग बसविला. पुढील काळात या चारही गावांत हातमागाची जागा हळूहळू यंत्रमागाने घेतली. म्हणजे हातमागाला पहिला धक्का गिरणीचा बसला, तर दुसरा व अधिक खोल धक्का यंत्रमागाचा बसला. गिरणी जे लुगडे काढत नव्हती, ते यंत्रमाग काढू लागला. हातमागाचा नमुना पाहून चार दिवसांत त्याची नक्कल बाजारात येऊ लागली.

सूत कोणाचे?

विणकराच्या परावलंबनाची सुरुवात सुतापासून होते. घरोघरी चालणारी हातकताई नाहीशी झाली आणि हातमागाला गिरणीच्या सुताखेरीज गत्यंतर उरले नाही. याचा अर्थ, ज्याच्याशी कापडाच्या बाजारात स्पर्धा करायची, त्याच्याकडूनच कच्चा माल घ्यायचा. कापसाचा भाव चढला की सूत महागते. पण गिऱ्हाईक कापडाला तेवढा भाव वाढवून देतेच असे नाही. मधली तूट मजुरीतून भरून निघते.

येथे एक तांत्रिक मुद्दा लक्षात घेणे आवश्यक आहे. हातमागाला सूत लडीच्या स्वरूपात लागते, तर यंत्रमाग शंकूवर गुंडाळलेले सूत वापरतो. म्हणून सूतगिरण्यांनी देशांतर्गत विक्रीच्या सुतापैकी ठराविक हिस्सा लडीतच बांधला पाहिजे, असे बंधन १९७० च्या दशकात घालण्यात आले. हे प्रमाण बराच काळ ५० टक्के होते. २००३ मध्ये ते ४० टक्के आणि २०१९ मध्ये ३० टक्के करण्यात आले. सूत गिरणीच्या दरात मिळावे यासाठी १९८३ मध्ये राष्ट्रीय हातमाग विकास महामंडळ स्थापन झाले आणि अलीकडील केंद्रीय योजनेत सुती लडीच्या किमतीत १५ टक्के सवलतीची तरतूद करण्यात आली. या तरतुदी निश्चितच उपयुक्त आहेत. परंतु एक-दोन मागांचा विणकर एकदम गाठभर सूत घेऊ शकत नाही. त्याला आठवड्याच्या गरजेपुरते चार-सहा लडी सूत हवे असते आणि तेही बहुधा उधारीवर. ही उधारी जो देतो, तोच त्याचा खरा धनी ठरतो.

उचल आणि नगावरची मजुरी

व्यापारी सूत देतो, नमुना देतो, घरखर्चासाठी उचलही देतो आणि तयार कापड स्वतः घेतो. विणकराला नगामागे मजुरी मिळते. १९४१ मध्ये भारत सरकारने नेमलेल्या सत्यशोधन समितीने आपल्या अहवालात स्वतंत्र विणकर हा व्यापाऱ्याचा मजूर बनत चालल्याची नोंद केली होती. त्यानंतर ऐंशी वर्षे लोटली तरी या व्यवस्थेचा गाभा फारसा बदललेला नाही.

व्यापाऱ्याला केवळ खलपुरुष ठरवून हा प्रश्न सुटत नाही, हेही नमूद केले पाहिजे. कापड पडून राहिले तर त्याचा भार व्यापारी सोसतो. लग्नसराई संपल्यावर चार महिने मालाला उठाव नसला तरी तो सूत देत राहतो, कारण विणकर हातचा जाऊ नये अशी त्याची इच्छा असते. आजारपणात रात्री बारा वाजता पैसे देणारा तोच असतो. मात्र या सोयीची किंमत विणकर दर नगामागे मोजत असतो. उचल फिटेपर्यंत दुसऱ्याकडे जाता येत नाही आणि दुसऱ्याकडे जाता येत नसल्याने मजुरीविषयी घासाघीस करता येत नाही.

चार दिवसांचे काम की साडेसहा दिवसांचे?

आता मूळ हिशेबाकडे वळू. समजा, एका साडीची मजुरी १,५०० रुपये ठरली आहे आणि ती विणण्यास विणकराला चार दिवस लागतात. वरवर पाहता रोजची कमाई ३७५ रुपये दिसते. एखाद्या पाहणीत हाच आकडा नोंदला जाईल आणि विणकराचे बरे चालले आहे, असा निष्कर्षही निघेल.

परंतु साडी चार दिवसांत तयार होत नाही. मागावर धोटा फिरण्यापूर्वी सुताच्या लड्या सोडवाव्या लागतात. रहाटावर कांड्या भराव्या लागतात. ताणा काढावा लागतो, त्याला खळ देऊन पांजणी करावी लागते, म्हणजे ताणलेल्या धाग्यांवरून कुंचा फिरवून ते सुटे व गुळगुळीत करावे लागतात. त्यानंतर नव्या ताण्याचा एकेक धागा जुन्या ताण्याच्या टोकाशी जोडून फणीतून ओढून घ्यावा लागतो. यांतील बहुतेक काम घरातील स्त्रिया, वृद्ध आणि शाळेतून आलेली मुले करतात. आपल्या उदाहरणात पत्नीचे दोन दिवस आणि वृद्ध आईचा अर्धा दिवस धरू. म्हणजे एकूण श्रम साडेसहा दिवसांचे झाले. खळीचा खर्च, दिवाबत्ती, मागाची दुरुस्ती आणि ने-आण यांपोटी २०० रुपये वजा केले तर हाती १,३०० रुपये उरतात. साडेसहाने भागले असता एका माणसाच्या एका दिवसाची मजुरी भरते २०० रुपये.

या आकड्याची तुलना कशाशी करावी? २०२४-२५ मध्ये महाराष्ट्रात राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी योजनेचा दर दिवसाला २९७ रुपये होता. म्हणजे कोणतेही विशेष कसब न लागणाऱ्या मातीकामाचा किमान मोबदला आपल्या उदाहरणातील पिढ्यान्‌पिढ्यांच्या कसबाच्या मोबदल्याहून दीडपट भरला. वरील आकडे उदाहरणादाखल घेतलेले आहेत. साडीच्या प्रकाराप्रमाणे ते बदलतील. मात्र हिशेबाची रीत बदलणार नाही. विणकराचे दारिद्र्य पाहणीत नीट उमटत नाही, याचे मुख्य कारण हेच की आपण मजुरी नगावर मोजतो, दिवसांवर व हातांवर मोजत नाही.

विणकराची मुले मागावर का बसत नाहीत, या प्रश्नाचे उत्तरही येथेच मिळते. त्यांना परंपरेविषयी आस्था नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. आई-वडिलांचा साडेसहा दिवसांचा हिशेब त्यांनी लहानपणापासून पाहिलेला असतो.

शासकीय उपाय : काय साधले, काय उरले

स्वातंत्र्यानंतर हातमागाच्या संरक्षणासाठी क्रमाक्रमाने अनेक उपाय योजण्यात आले. १९५२ मध्ये अखिल भारतीय हातमाग मंडळ स्थापन झाले. ते २०२० मध्ये बरखास्त करण्यात आले. १९५३ च्या कायद्याने गिरणीच्या कापडावर जादा उत्पादन शुल्क बसवून त्यातून खादी व हातमागासाठी निधी उभा करण्यात आला. धोरणाविषयी मात्र मतभेद होते. कानुनगो समितीचा कल हातमागांचे क्रमशः यंत्रमागांत रूपांतर करण्याकडे होता, तर प्रा. द. गो. कर्वे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९५५ मध्ये ग्रामोद्योगांतील रोजगार टिकविण्यावर भर दिला. कापड किती निघते हे पाहावे की किती हातांना काम मिळते हे पाहावे, हा तो वाद होता आणि तो आजही संपलेला नाही.

१९७१ मध्ये नागपूर येथे महाराष्ट्र राज्य हातमाग महामंडळाची स्थापना झाली. विणकरांना सूत देणे, कापड विकत घेणे आणि ‘इंद्रायणी’ या नावाने ते विकणे, हे त्याचे कार्य होते. १९७६ पासून राबविण्यात आलेल्या जनता कापड योजनेने स्वस्त धोतरे व साड्या विणण्याचे काम हातमागांना दिले. या योजनेने हजारो माग चालू ठेवले, परंतु तिची एक मर्यादाही होती. स्वस्त व साध्या कापडात यंत्रमागाशी टक्कर देणे हातमागाला कधीच शक्य नव्हते. अनुदान होते तोवर काम होते. १९९० च्या दशकात ही योजना गुंडाळली गेली आणि जे विणकर केवळ साधे कापड विणत होते, त्यांच्यापाशी विकण्याजोगे वेगळे कसब उरले नाही.

१९८५ च्या कायद्याने काही प्रकारचे कापड केवळ हातमागासाठी राखून ठेवण्यात आले. प्रारंभी २२ असलेले हे प्रकार पुढे ११ वर आले. सर्वोच्च न्यायालयाने १९९३ मध्ये हा कायदा वैध ठरविला. तथापि दुकानात टांगलेली साडी हातमागाची की यंत्रमागाची, हे सामान्य ग्राहकाला ओळखता येत नाही आणि नकली मालावर प्रत्येक गावात देखरेख ठेवणे सोपे नाही. २००६ मध्ये सुरू झालेले हातमाग चिन्ह या दृष्टीने उपयुक्त आहे. पण ते चिन्ह मागणारा ग्राहक असेल तरच त्याचा उपयोग होतो.

पैठण व येवला येथील पैठणी आणि विदर्भातील करवतकाठी यांचे उदाहरण या संदर्भात बोलके आहे. करवतीच्या दात्यांसारखा काठ असलेली ही टसर साडी तीन धोट्यांच्या पद्धतीने विणली जाते आणि तिला लागणारा कोसा पूर्व विदर्भाच्या जंगलपट्ट्यातच निघतो. कसब वेगळे, कच्चा माल जवळचा आणि नाव ओळखीचे, अशा तिन्ही गोष्टी एकत्र आल्या तेथे मागाला भविष्य आहे. मात्र साडी महाग विकली गेली म्हणून विणकराची मजुरी आपोआप वाढत नाही. ती वाढली की नाही, हे पुन्हा साडेसहा दिवसांच्याच हिशेबाने तपासावे लागते.

नोंदीतील हरवलेली माणसे

राज्याच्या २०२३-२८ च्या वस्त्रोद्योग धोरणात पैठणी, हिमरू, करवतकाठी, घोंगडी आणि खण या पाच पारंपरिक वस्त्रांकडे विशेष लक्ष पुरविण्यात आले. नोंदणीकृत पारंपरिक विणकरांना गणेशोत्सवानिमित्त वर्षातून एकदा उत्सव भत्ता देण्याचा निर्णय झाला. पुरुष विणकरास १०,००० रुपये आणि महिला विणकरास १५,००० रुपये. केंद्राच्या योजनांतही सवलतीच्या व्याजाचे मुद्रा कर्ज, विमा आणि मुलांच्या शिक्षणासाठी साहाय्य यांचा समावेश करण्यात आला.

या सर्व लाभांचे दार एकच आहे, ते म्हणजे विणकर म्हणून झालेली नोंद व त्यावर मिळणारे ओळखपत्र. चौथ्या गणनेनुसार देशातील हातमाग कामगारांत सुमारे ७२ टक्के स्त्रिया आहेत. असे असता, पाहणीसाठी घरी आलेला कर्मचारी “धंदा कोणता?” असे विचारतो आणि घरातील पुरुष “विणकाम” असे उत्तर देतो. त्याच्या नावापुढे ‘विणकर’ आणि पत्नीच्या नावापुढे ‘घरकाम’ असे लिहिले जाते. रहाटावर रोज पाच तास बसणारी ती स्त्री एका शब्दाने या व्यवसायातून बाहेर पडते. तिचे श्रम मजुरीत धरलेले नसतात. आता ते कागदावरही राहत नाहीत. पती निवर्तल्यास मागाचे काम पुढे चालविणारी तीच असते, पण तिच्यापाशी ओळखपत्र नसते. ही चूक कोणत्याही कायद्याने झालेली नाही आणि ती सुधारण्यास नव्या योजनेचीही गरज नाही. प्रश्न नीट विचारणे पुरेसे आहे.

ग्रामपंचायतीच्या हातातील गोष्टी

ज्या गावांत माग चालतात, तेथे स्थानिक संस्थांना फार खर्च न करता काही करणे शक्य आहे. पांजणीसाठी घरासमोर लांब, मोकळी व सावलीची जागा लागते. गल्लीतील अतिक्रमणाने ती गेली की हे काम अडते. खड्डा माग जमिनीत असल्याने त्यातील ओलाव्याने धागा तुटत नाही. पण पावसाळ्यात गटाराचे पाणी त्या खड्ड्यात शिरले तर ताण्यासह महिन्याची कमाई जाते. म्हणून अशा वस्तीत गटार, छप्पर आणि एक सामाईक पांजणी-शेड ही विकासकामे नव्हेत असे कोणी समजू नये. शाळेचे गणवेश, सतरंज्या, टॉवेल यांची खरेदी करताना नियमांच्या मर्यादेत विणकर संस्थेला संधी देणे, हाही एक मार्ग आहे.

ज्या गावांत माग नाहीत, अशा महाड-पोलादपूरच्या गावांनीही आपल्या येथील कारागिरांविषयी पुढील पाच प्रश्न विचारून पाहावेत. शिक्षकांनी वरच्या वर्गातील मुलांकडून गणिताचा पाठ म्हणून हा हिशेब करून घेतला तरी चालेल.

१. कच्चा माल कोणाकडून येतो, रोखीने की उधारीने?
२. एक नग तयार होण्यास घरातील कोणकोणाचे किती दिवस जातात?
३. खर्च वजा जाता एका माणसाच्या एका दिवसाला काय पडते?
४. उचल किती आहे आणि ती फिटेपर्यंत माल दुसऱ्याला विकता येतो काय?
५. कुटुंबातील काम करणाऱ्या प्रत्येकाची, विशेषतः स्त्रियांची, कारागीर म्हणून नोंद आहे काय?

१८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले आणि त्यांतील अनेकांना पुन्हा गिरणीत जाता आले नाही. कोकणातील कित्येक घरांत येणारी मनिऑर्डर थांबली. शतकापूर्वी नागपूर-पवनीच्या विणकराला जो अनुभव आला, तोच अनुभव या वेळी त्या विणकराची जागा घेणाऱ्या गिरणी कामगाराच्या वाट्याला आला. हातांत कसब आहे, पण त्याला गिऱ्हाईक नाही, ही अवस्था काय असते हे या भागातील वडीलधाऱ्या मंडळींना वेगळे सांगावे लागणार नाही. त्यांच्यापाशी असलेली ही जाण पंचायतीच्या कामात उतरली आणि गावातील प्रत्येक कारागिराच्या घरी साडेसहा दिवसांचा खरा हिशेब मांडला गेला, तर योजनांचा लाभ योग्य हातांत पडण्यास पुष्कळच साहाय्य होईल.